यादी कोण करतो?

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका शाळेच्या सभागृहात एक कार्यक्रम झाला. कार्यक्रम मुलांसाठी नव्हता, शिक्षकांसाठी होता. आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, खेळाचे मास्तर असे चाळीसेक लोक जमले होते. सैन्यदलातील एक कर्नल साहेब आणि त्यांच्यासोबत एक सुभेदार आले होते. पालक-शिक्षक संघाचे सदस्य म्हणून मागच्या रांगेत एक खुर्ची आमच्याही वाट्याला आली. हाफ डे टाकून गेलो होतो, त्यामुळे शेवटपर्यंत बसलो. चहाबिस्किटे झाल्यावर निम्मी सभा उठून जाते, हा नेहमीचा अनुभव या वेळीही आलाच.

कर्नल साहेबांचे म्हणणे सरळ होते. सैन्यात अधिकारी व्हायचे तर त्याची तयारी बारावीनंतर होत नाही, ती शाळेत होते. आणि शाळेत मुलाला रोज बघणारा माणूस एकच, तो म्हणजे शिक्षक. कोणात पुढारपण आहे, कोण चौघांना सोबत घेऊन काम करतो, हे शिक्षकाला आधी कळते. म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो, असे ते म्हणाले. शेवटी प्रत्येक शाळेला त्यांनी एक कागद दिला. आठवी ते दहावीच्या वर्गांतून होतकरू मुलामुलींची नावे काढा, त्यांच्यासाठी पुन्हा येऊन बोलतो, असे सांगून ते गेले.

आठवड्याभराने दुसऱ्याच कामासाठी शाळेच्या ऑफिसात गेलो होतो. तेथील कारकुनाशी आमची ओळख आहे, एका जातीचे म्हणजे कारकून जातीचे. टेबलावर ती यादी टाईप होऊन पडली होती. एक नव्हे, दोन याद्या होत्या. पहिल्या कागदावर ‘अधिकारी प्रवेश’ असा मथळा आणि खाली अकरा नावे. दुसऱ्यावर ‘सैन्य भरती’ आणि खाली सव्वीस नावे. आमचे आयुष्य याद्या वाचण्यात गेले. आडनावांवरून बोट फिरवले आणि कोणती वस्ती कोणत्या कागदावर बसवली आहे ते एका मिनिटात कळले. अकरा नावांत आमच्या वस्तीतील एकही नव्हते. सव्वीसमध्ये चौदा आमची होती.

आणखी एक गोष्ट खटकली. नववीतील एक मुलगी विहारातील आमच्या अभ्यासिकेत येते. गणितात वर्गात पहिली. गेल्या १४ एप्रिलला लहान मुलांचे लेझीम तिने बसवले होते, सत्तर पोरे एका शिट्टीवर उभी करत होती. तिचे नाव दोन्ही कागदांवर नव्हते.

वर्गशिक्षक भले गृहस्थ आहेत. त्यांना विचारले तर ते रागावले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘अहो, घरची परिस्थिती बघूनच नावे टाकली. त्या पोरांना लवकर नोकरी लागावी म्हणून भरतीत घातली. आणि हिची आई सफाई कामाला जाते, हिला कोण बाहेर पाठवणार? उगीच पोरीला आशा लावायची!’

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. द्वेष असता तर भांडणे सोपे गेले असते. येथे दयेपोटी दार बंद झाले होते.

वाचकहो, सैन्य आणि मास्तर हा विषय आपल्याला परका नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेचे मास्तर होते, पुढे मुख्याध्यापक झाले. गावातील शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभे करत नव्हते, त्यांच्या घरात अक्षर आले ते लष्कराच्या छावणीतून. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला, हे आपण दर जयंतीला सांगतो. त्यानंतर एकदोन वर्षांतच इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली, हे मात्र क्वचित सांगतो. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्याच नातवंडांना ‘लढाऊ जात नाही’ असे कारण सांगून दारातून परत पाठवले. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेच्या सरकारकडे अर्ज केला. मागणी काय होती? सैन्यात आणि पोलिसात खालच्या जागांवर तरी आम्हाला घ्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली एक महार पलटण उभी केली, युद्ध सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली. शेवटी दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात सर्व जातींचे जवान आहेत. त्या रेजिमेंटमधील दोन अधिकारी, जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी, देशाचे लष्करप्रमुख झाले. ‘परमवीरचक्र’ मिळालेले मेजर परमेश्वरन त्याच रेजिमेंटचे.

१९१० साली शिवराम जानबांनी खालची जागा मागितली, कारण तेवढेही दार बंद होते. आज वरचे दार कायद्याने उघडे आहे आणि आपली पोरे दुसऱ्याने केलेल्या यादीप्रमाणे खालच्या रांगेत जाऊन उभी राहतात. शिपाई होण्यात कमीपणा आहे असे कोणी समजू नये. आपल्या कितीतरी घरांच्या भिंती शिपायाच्या पगारावर उभ्या राहिल्या. परंतु रांग पोराने निवडावी, दोन्ही दारे बघून.

आता आमचीही चूक सांगतो, कारण दुसऱ्याच्या यादीकडे बोट दाखवणे फार सोपे असते. काही वर्षांपूर्वी वस्तीतील एक मुलगा बारावी होऊन आमच्याकडे आला. सैन्यात जायचे म्हणाला. छाती भरदार, पळण्यात चपळ. आम्ही त्याला काय सांगितले? पहाटे उठ, मैदानावर पळ. बूट आम्ही घेऊन दिले आणि त्याचा अभिमानही मिरवला. बारावीला गणितात त्याला किती गुण होते हे विचारलेच नाही. दीड वर्ष तो पळत राहिला. एक दिवस कोठूनतरी ऐकून आला आणि म्हणाला, ‘काका, एनडीएची परीक्षा देऊ का?’ जन्मतारीख पाहिली. कोर्स सुरू होईल तेव्हा वय साडेएकोणीसच्या आत लागते, त्याची मुदत उलटून गेली होती. मार्कलिस्ट काढली तर गणितात ८४. आज तो अग्निवीर आहे, मन लावून नोकरी करतो, सुट्टीवर आला की पाया पडतो. त्याने आजवर आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्याच्यासाठी त्या दिवशी ती यादी आम्हीच केली होती. कागद नव्हता एवढेच.

अग्निवीर योजना २०२२ साली सुरू झाली. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना पुढे ठेवायचे असा नियम तेव्हा ठरला. म्हणजे बाकीचे ऐन जवानीत घरी येणार, हातात एकरकमी पैसा आणि पुढे प्रश्न. म्हणून त्या मुलाला आम्ही प्रत्येक फोनवर एकच सांगतो, पदवी पुरी कर. पदवी असली तर सीडीएस परीक्षा देऊन चेन्नईच्या अकादमीसाठी पंचविशीपर्यंत वाट राहते.

त्या चुकीनंतर आम्ही अधिकारी होण्याच्या वाटा एका वहीत लिहून काढल्या. शिक्षकांच्या त्या सभेत कर्नल साहेबांनी त्याच वाटा सांगितल्या, पण बहुतेक मास्तरांना त्या नव्या होत्या.

वाट चौथी-पाचवीच्या बाईंपासून सुरू होते. सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा सहावीसाठी आणि नववीसाठी असते. सहावीच्या प्रवेशाला वय दहा ते बारा. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली आपल्याच साताऱ्याला निघाली, चंद्रपूरची २०१९ साली. या शाळांमध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत. फी मोठी आहे, पण शिष्यवृत्त्याही आहेत. फीचा आकडा ऐकून अर्जच न भरणे हा आपला जुना रोग. सातवीच्या मास्तरांनी डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजचे नाव ऐकलेले असावे. तेथे आठवीत प्रवेश मिळतो, वयाची अट साडेअकरा ते तेरा, आणि आता मुलींनाही घेतात. दहावीच्या मास्तरांकडे छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती हवी. ती महाराष्ट्र शासनाची संस्था १९७७ पासून चालू आहे. दहावी झालेल्या मुलांना लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन निवडतात, अकरावी-बारावी तेथे ठेवून एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच शासकीय संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. आमच्या वस्तीपासून नाशिक एसटीने काही तासांवर, पण वस्तीत कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

एनडीए म्हणजे पुण्याजवळची खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. परीक्षा वर्षातून दोनदा, बारावीला बसलेला विद्यार्थीही देऊ शकतो. आर्मीसाठी कोणतीही शाखा चालते, नौदल आणि वायुदलासाठी विज्ञान लागते. पण गणिताचा पेपर सर्वांनाच, ३०० गुणांचा. सामान्य क्षमतेचा पेपर ६०० गुणांचा. कला शाखेच्या मुलाने गणित सोडले की ही वाट तेथेच बंद झाली, हे नववी-दहावीतच सांगायला हवे. शिक्षणाचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च सरकारचा. परीक्षेची फी अनुसूचित जातींना आणि मुलींना माफ आहे. १९९० साली कायदा बदलल्यापासून बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, तेव्हा जातीचा दाखला तयार ठेवा. मात्र सैन्यात निवडीला राखीव जागा नाहीत. वयाची सूट नाही, गुणांची नाही. हे आम्ही मुद्दाम ठळक सांगतो, कारण आपली मुले शेवटच्या दिवसापर्यंत सवलतीचा रकाना शोधत बसतात.

आणि मुलींचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली आदेश दिल्यावर एनडीएचे दार त्यांना उघडले. २०२२ साली पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तेथून शिक्षण पुरे करून संचलनात बाहेर पडल्या. ‘हिला कोण पाठवणार’ असे विचारणाऱ्या मास्तरांना आम्ही ही तारीख लिहून दिली.

लेखी परीक्षा झाली की निवड मंडळापुढे पाच दिवस जावे लागते. लेखीला ९०० गुण, तसे यालाही ९००. येथेच आपली मुले घाबरतात. साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात आले ते वाक्य लिहायचे. चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची. मग मैदानावर फळी, दोर आणि एक जड ओझे देतात आणि सांगतात, जमिनीला पाय न लावता सगळे मिळून पलीकडे जा. तेथे कोण हुकूम सोडतो याला महत्त्व नसते. कोण दुसऱ्याचे ऐकतो, कोण मागे राहिलेल्याला हात देतो, ते वही घेऊन बसलेला अधिकारी टिपतो.

सुभेदार साहेबांनी हे सांगितले तेव्हा आम्हाला मागच्या रांगेत हसू आले. टँकर आल्यावर चाळीस हंड्यांची रांग कोण लावते? पावसात नाला घरात शिरला की म्हाताऱ्याकोताऱ्यांना विहारात कोण आणते? हीच पोरे. पण शाळेच्या दृष्टीने ती ‘मस्तीखोर’, ‘पुढे पुढे करणारी’. कर्नल साहेब ज्याला पुढारपण म्हणतात, त्याला प्रगतिपुस्तकात ‘वर्तन सुधारावे’ असा शेरा मिळतो. बोलण्याची भीती मात्र खरी आहे. चार अनोळखी लोकांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडायची सवय नाही, आणि ती एका आठवड्याच्या क्लासने लागत नाही.

त्यासाठी शाळेत एनसीसी हवी. एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली आणि तिची सगळी मदार शिक्षकावर आहे. शाळेतीलच एक शिक्षक निवडतात, त्याला नागपूरजवळ कामठीच्या अकादमीत प्रशिक्षणाला पाठवतात, आणि तो गणवेश घालून थर्ड ऑफिसर म्हणून परत येतो. शिक्षिकांसाठी ग्वाल्हेरला सोय आहे. कामठी म्हणजे ‘जयभीम’ची हाक देणाऱ्या बाबू हरदासांचे गाव, म्हणून नाव ऐकताच आम्हाला बरे वाटले. मुलगा पुढे कॉलेजात ‘सी’ प्रमाणपत्रापर्यंत गेला आणि पदवीला पन्नास टक्के मिळवले, तर लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळापुढे जाण्याची एक वेगळी वाट त्याला मिळते. एवढे असून आमच्या शाळेत एनसीसी नाही. का नाही? कामठीला जायला कोणी शिक्षक तयार नाही.

काही वाचक विचारतील, आपण बौद्ध, आणि तुम्ही सैन्याच्या गोष्टी काय सांगता? हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी वैशालीच्या सिंह सेनापतीनेही भगवंतांना विचारला होता. तो उपासक झाला, पण सेनापतिपद सोड असे भगवंतांनी त्याला सांगितले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तो भाग घरी पुन्हा वाचावा. ज्याच्या मनाला हे काम पटत नाही त्याने खुशाल दुसरी वाट धरावी. आम्ही काही भरती अधिकारी नाही.

वडिलांशी बोलणे मास्तरांशी बोलण्यापेक्षा कठीण गेले. सव्वीसच्या यादीत ज्याचे नाव आहे अशा एका मुलाचे वडील गोदामात माल उचलतात. त्यांना म्हटले, पोराला दोन वर्षे थांबू द्या, गणित चांगले आहे. ते म्हणाले, ‘भाऊ, दोन वर्षे म्हणजे किती पगार झाले ते तुम्ही मोजा, तुम्ही बीकॉम आहात.’ आम्ही मोजले. उत्तर त्यांच्या बाजूने येत होते. मग एवढेच ठरले की मुलाने भरतीचा अर्जही भरावा आणि एनडीएचाही. अर्ज दोन भरायला कायद्याची बंदी नाही.

त्या मुलीच्या आईला घेऊन आम्ही मुख्याध्यापिकांकडे गेलो. पहाटेची पाळी करून त्या माउली सरळ तेथेच आल्या होत्या, खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या. मुख्याध्यापिकांनी विचारले, ‘पाठवाल का मुलीला नाशिकला?’ त्या म्हणाल्या, ‘बाई, मी रोज अंधारात एकटी कामाला जाते. ती उजेडात शिकायला जाणार, मग का नाही पाठवणार?’ मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिला कागद ओढला आणि अकरा नावांच्या खाली पेनाने बारावे नाव लिहिले. आम्ही म्हटले, दुसरी यादीही पहिलीला जोडा, मथळा एकच ठेवा, निवड परीक्षा करील. त्यावर त्या म्हणाल्या, शिक्षकांशी बोलून सांगते. अजून सांगितलेले नाही. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी सहा पालक सोबत आहेत.

एनसीसीसाठी खेळाचे एक तरुण शिक्षक आता अर्धे तयार झाले आहेत. घरी बाळंतपण आहे, ते आटोपले की कामठीचा विचार करतो म्हणाले. आम्ही त्यांना बाळंतपणाची तारीख विचारून ठेवली आहे.

दरम्यान विहारात शनिवारी संध्याकाळी सात वाजता गणिताचा वर्ग सुरू केला आहे. सध्या नऊ मुले येतात, चार मुली. रविवारी सकाळी प्रत्येकाने उभे राहून पाच मिनिटे बोलायचे, विषय चिठ्ठी काढून. पहिल्या रविवारी त्या मुलीला चिठ्ठीत ‘आमचा नळ’ हा विषय आला. ती अकरा मिनिटे बोलली, शेवटी आम्हालाच घंटा वाजवावी लागली.